उंबरखारचा बांध आणि भामा कडू

शनिवार, २९ ऑगस्ट १९९२. सकाळी साडेदहाला मी उंबरखारच्या बांधावर पोचलो, तेव्हा भामा कडू शेताकडच्या अंगाला उकिडवी बसून एकाच जागी पाहत होती. बांधाच्या पायथ्याशी बोटभर जाडीचं एक भोक होतं आणि त्यातून पाणी झिरपत भाताच्या चिखलात उतरत होतं. तिने ते पाणी ओंजळीत घेतलं, उन्हात धरलं आणि सोडून दिलं.

"अजून साफ हाय," ती म्हणाली. "तुमचा सायेब कवा येनार?"

"अकराला."

"पानी दीडला भरंल. त्याच्या आदी आनलात तर बरा, भाऊसायेब."

मी घड्याळाकडे पाहिलं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. त्या दिवशी भाद्रपदातली बीज होती. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा हिशेब मला तिनेच शिकवला होता. दोनाची पाऊणपट दीड. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पण हे गणित मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

"अमावास्या तर काल झाली," मी म्हणालो. "उधाण उतरायला लागलं असेल ना?"

ती हसली. मिसरीने काळे झालेले दात दिसले. "क्यालेंडरात उतरला असंल. खरा पानी बीजेला. अमावास्येचा नुसता निरोप घेऊन येतो."

मी तेव्हा पनवेलच्या एका सरकारी कचेरीत मुख्य लिपिक होतो. खाडीकाठच्या शेतजमिनी खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी सरकार जो खर्च करतं, त्याचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. उंबरखारचा प्रस्ताव त्यांतलाच. त्या शनिवारी जे घडलं त्यात माझाही हात आहे, म्हणून आधी तो भाग सांगतो.

पनवेलहून उरणकडे जाताना मोठा रस्ता सोडून खाडीच्या बाजूला तीन किलोमीटर आत गेलं की उंबरखार लागतं. साठ-पासष्ट घरं, सगळी शेतकरी. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये दीड किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, एवढाच काय तो आधार. गावाच्या बोलीत त्याला बाहेरकाठा म्हणतात. तो फुटला, म्हणजे त्याला खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं, आणि त्या मातीतलं मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागतात. तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही.

हा बांध राखायचं काम गावकीने पूर्वी शिवा कडूकडे दिलं होतं. त्याबद्दल वर्षाला घरटी एक पायली भात. शिवा एकोणऐंशी साली गेला. त्याची जागा कुणाला द्यायची यावर गावकीत बोलणं चालू होतं, तेवढ्यात पुढची पुनव आली, आणि भामा कुणाला न विचारता नवऱ्याचं फावडं खांद्यावर टाकून बांधावर चालत गेली. एक पावसाळा लोक हसले. बाईमाणूस बाहेरकाठा राखणार म्हणाले. दुसऱ्या पावसाळ्यात हसणं थांबलं, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नकोच होतं. जवान माणसं तोवर कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक भरायला जाऊ लागली होती. तिचा मुलगा परेशही तिथेच कामाला होता.

तिचं काम मी दोन-तीनदा जवळून पाहिलं होतं. बांधाचा खरा वैरी म्हणजे चिंबोरी, खाडीतला खेकडा. ती खाडीच्या अंगाने बीळ पाडते आणि एखादं बीळ बांधाच्या पार आरपार निघतं. भरतीच्या वेळी भामा शेताकडच्या बाजूने पायथ्याशी चालायची. पाणी झिरपताना दिसलं की ओंजळीत घेऊन रंग पाहायचा. पाणी स्वच्छ असेल तर घाई नाही. गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांधाची आतली माती वाहून चालली आहे, आणि मग एक भरतीसुद्धा थांबायचं नाही. शेताकडचं तोंड बुजवून उपयोग नसतो, पाणी दुसरी वाट काढतं. बीळ खाडीच्या अंगाने बुजवावं लागतं, आणि तिकडे ते पाण्याखाली असतं. त्यासाठी ती भाताचं तूस वापरायची. टोपलीतून मूठ मूठ तूस बांधालगत पाण्यावर सोडायचं. ते तरंगत जातं आणि जिथे बीळ असेल तिथे गोल फिरून बुडतं. तिथे पाय घालून तोंड शोधायचं आणि पेंढ्यात गुंडाळलेला चिखलाचा गोळा ठोकून बसवायचा. पाव तासाचं काम. काम करताना ती चिंबोरीला शिव्या द्यायची, "मेल्या, घर बांदायला माजाच बांध गावला काय?" आणि बिळात ती सापडलीच तर संध्याकाळी कालवणात जायची.

हे विशिष्ट भोक तिने नारळी पौर्णिमेला पाहिलं होतं. त्याच दिवशी ते बुजलंही असतं. पण गावचा सरपंच कमलाकर मढवी तिथे होता, आणि आधी कचेरीत विचारून येतो म्हणून त्याने तिचा हात धरला.

कमलाकर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बांध सरकारी योजनेत यावा म्हणून तो अकरा वर्षं आमच्या कचेरीत खेपा घालत होता. योजनेत बांध आला की खाडीच्या अंगाला दगडी अस्तर बसतं, पाणी सोडायची जुनी लाकडी उघाडी काढून लोखंडी दरवाजा मिळतो, चिंबोरीचा प्रश्न कायमचा मिटतो. त्याचं म्हणणं मला पटायचं. "भाऊसाहेब, भामावयनी पंचावन्नची झाली. ती हाय तवर बांध हाय. पुढं कोन? माजी दोन्ही पोरं कळंबोलीला. चिखलात उतरायला गावात मानूस उरनार नाय."

चौदा ऑगस्टला तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "गळती सापडली. आता तरी प्रस्ताव घ्या."

मी त्याला नियम वाचून दाखवला. बांधाची हानी अधिकाऱ्याने स्वतः पाहून पंचनामा केला पाहिजे, आणि पाहणीआधी गावाने दुरुस्ती केलेली नसली पाहिजे. दुरुस्ती केली असेल तर प्रस्ताव बाद. ही अट कुणी मूर्खपणाने घातली नव्हती. पूर्वी काही ठिकाणी धड बांध फुटका दाखवून पैसे उचलले गेले होते, त्यावरचा तो उपाय होता. मी कमलाकरला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "पाहणी होईपर्यंत त्या भोकाला हात लावू नका."

तो शब्द माझा. कमलाकरने तो गावात नेला, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा भामाने गळती पाहून ती तशीच सोडली.

मधल्या दिवसांत भरत्या लहान होत्या, भोक कोरडं राहिलं. पाहणीची तारीख सत्तावीस ठरली. त्या दिवशी साहेबांना अलिबागला बैठकीसाठी बोलावलं. मग शनिवार ठरला. महिन्यातला पाचवा शनिवार, म्हणून कचेरी चालू होती. सोमवारी गणपती. साहेब, म्हणजे आमचे उपअभियंता दाबके, रविवारी पहाटे कुटुंबासह चिपळूणला निघणार होते. शनिवार चुकला तर पाहणी पंधरा दिवस पुढे, आणि त्या वर्षीच्या यादीची मुदत सात सप्टेंबरला संपत होती. मी सकाळी फाइल घेऊन पुढे आलो. साहेब जीपने मागाहून येणार होते.

अकरा वाजले. जीप नाही.

साडेअकराला कमलाकर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मागून त्याची बायको चंद्रावती पाहुण्यांसाठी चहाची किटली घेऊन आली. गणपतीच्या तयारीतून सुटलेली आणखी पाच-सहा माणसं बांधावर जमली. खाडी आता बांधाच्या मध्यापर्यंत चढली होती. पाणी शांत होतं, लाट नव्हती. ते नुसतं वर येत होतं.

"रस्त्यात अडकले असतील," कमलाकर म्हणाला.

"अडकू देत," भामा म्हणाली. "पानी नाय अडकला."

बारा वाजता तिने पुन्हा ओंजळ भरली. या वेळी तिने ती उन्हात धरली नाही, सरळ माझ्यासमोर आणली. पाणी चहासारखं दिसत होतं.

"भाऊसायेब, तुमी शिकलेले हाव. ह्याला साफ म्हनाल का गढूल?"

मी कमलाकरकडे पाहिलं.

"दहा मिनिटं," कमलाकर म्हणाला. "वयनी, फकस्त दहा मिनिटं. अकरा वर्सं थांबलाव."

"तू थांबलास. मी नाय थांबली. मी दर पुनवेला गोला मारला म्हून तुला थांबायला बांध ऱ्हायला."

कुणीतरी हसलं. कमलाकर हसला नाही.

मी गावच्या वाटेकडे पाहत होतो. तिथून येणारी जीप दोन किलोमीटरवरून दिसली असती. वाट मोकळी होती. मीही म्हणालो, "दहा मिनिटं पाहू." हे मी त्या दिवशी तीनदा म्हणालो. सव्वाबाराला एकदा, बारा वीसला एकदा आणि साडेबाराला एकदा. माझ्या डोक्यात फाइल होती. साहेबांनी गळती पाहिली, सही केली, की दोन वर्षांत इथे दगड. न पाहिली, तर हा बांध पुन्हा या एका बाईच्या पायांवर.

बारा पस्तीसला भोकातून पाण्याबरोबर मुठीएवढं ढेकूळ बाहेर पडलं. आवाज झाला नाही. ढेकूळ चिखलात पडलं आणि त्याच्या मागून पाणी एकदम जाड धारेने आलं, नाचणीच्या आंबिलीच्या रंगाचं.

भामा उठून उभी राहिली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"एक सांगा," ती मला म्हणाली. "सायेब आला आनि त्यानी बगितला, तर दगडाचा बांध मिलंल?"

"मिळेल."

"आनि खांड गेली तरी मिलंल?"

"खांड गेली तर नक्कीच मिळेल."

"आनि शेत?"

बांधाच्या आत बासष्ट हेक्टर भात उभं होतं, गुडघ्याच्या वर, नुकतं पोटरीला आलेलं. प्रस्तावाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना होता, 'संरक्षित क्षेत्र'. तो मीच भरला होता.

"हात लावा," मी म्हणालो.

"भाऊसाहेब!" कमलाकर ओरडला. "तुमीच सांगितला हात लावू नका!"

"मीच सांगितलं होतं. आता मीच सांगतोय."

"आनि प्रस्ताव?"

मी फाइलमधला कोरा कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. तारीख, वेळ बारा चाळीस, भोक शेताच्या अंगाला माझ्या छत्रीच्या मुठीएवढं, पाणी गढूळ, खाडीचं पाणी बांधाच्या माथ्यापासून दोन वितींवर. खाली माझी सही. कागद कमलाकरपुढे धरला. "साक्षीदार म्हणून करा. एवढंच माझ्या हातात आहे."

त्याने सही केली नाही.

भामा तोवर बांध ओलांडून खाडीच्या अंगाला उतरली होती. कमरेएवढं पाणी. "तूस!" ती ओरडली. "तूस आना कोनतरी!"

सगळ्यांनी कमलाकरकडे पाहिलं. एकही पुरुष जागचा हलेना. चंद्रावतीने हातातली किटली नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

"च्या तुमच्या सायेबाला द्या," ती म्हणाली, आणि गावाच्या बाजूला पळाली. गिरणी तिथून जवळच होती. ती तुसाची टोपली डोक्यावर घेऊन परतली तेव्हा दमाने तिला बोलता येत नव्हतं.

"वरच्या अंगानं सोड," भामाने तिला सांगितलं. "मूठमूठ. उदलू नको."

तूस पाण्यावर पसरलं. पहिली मूठ भामाच्या पुढून सरळ निघून गेली. दुसरीही गेली. तिसरी तिच्यापासून दोन हात अलीकडे रेंगाळली, वळली, हळू गोल फिरली आणि बुडाली. भामा तिकडे सरकली, एक पाय वर उचलून चाचपला.

"गावला. टाचंएवडा झालाय रांडंचा."

पेंढा आणि चिखल यांचा गोळा करून आम्ही वरून खाली देत होतो. आम्ही म्हणजे मी, चंद्रावती आणि दोन म्हातारे. भामाने गोळा पाण्याखाली नेला, पायाने ठोकला, वर दुसरा लावला. धार थांबली. मी शेताच्या अंगाला जाऊन पाहिलं, आणि मी पाहत असतानाच भोक गुरगुरलं आणि दोन्ही गोळे, पेंढ्यासकट, शेतात येऊन पडले. मागून पाणी आलं ते आधीच्या दुप्पट.

"आरपार ओढला!" मी ओरडलो.

पलीकडून भामाचा आवाज आला, आणि त्यात मी पहिल्यांदा भीती ऐकली. "पोता पायजे. पोत्यात चिखल भरा. आनि मानूस पायजे, धरायला. मी एकली नाय पुरनार."

तेवढ्यात कमलाकरच्या पायाखालची माती खचली. फार नाही, हातभर रुंद आणि चार बोटं खोल. बांधाच्या माथ्यावरून एक चकती सुटून खाली घसरली आणि तो तोल सावरत बाजूला उडी मारून उभा राहिला. खचलेल्या जागेतून आता खाडी आणि शेत दोन्ही एकाच वेळी दिसत होतं. खाडीचं पाणी शेतापेक्षा पुरुषभर उंच होतं.

त्याने खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं, चप्पल सोडली आणि पाण्यात उतरला. कुणीतरी खताची दोन पोती आणली. चिखल भरून, तोंड सुतळीने आवळून ती खाली सोडली. भामाने पोतं बिळाच्या तोंडावर बसवलं आणि म्हणाली, "पाठ लाव. हातानं नाय ऱ्हायचा. पाठ लाव आनि पाय रोव."

कमलाकरने बांधाकडे पाठ करून पोत्यावर अंग टेकवलं. पाणी त्याच्या छातीला लागलं. भामा त्याच्या भोवताली चिखल लिंपत राहिली. वरून लोक माती देत होते. आता सगळेच देत होते. दीड वाजता पाणी बांधाच्या माथ्याखाली एक वीत उरलं होतं आणि कमलाकरच्या गळ्याशी आलं होतं.

"हलू नको," भामा म्हणाली.

"पायाला कायतरी चावतोय."

"चावू दे. त्याचा घर हाय तो. तू पावना."

दोन वाजेपर्यंत पाणी तसंच थांबून राहिलं. मी शेताच्या अंगाला बसून धार पाहत होतो. ती पेन्सिलीएवढी झाली होती. रंग हळूहळू उतरत गेला. दोन दहाला मी ओंजळ भरली, भामा करायची तशी उन्हात धरली आणि ओरडून सांगितलं, "साफ आहे!"

दाबके साहेबांची जीप तीन वाजून वीस मिनिटांनी आली. कळंबोलीच्या नाक्यावर लोखंडाचा ट्रेलर उलटून रस्ता बंद होता. त्यांचा इलाज नव्हता. खाडी तोवर खाली गेली होती. बांधाचा खचलेला माथा भरून फावड्याने चोपून झाला होता, आणि भोकाच्या जागी ओला चिखल होता. कमलाकर अंगाला पंचा गुंडाळून उन्हात बसला होता. त्याच्या पिंढरीतून रक्त येत होतं.

साहेब बांधावरून शंभर पावलं चालून आले. "गळती कुठे आहे?"

कमलाकरने जागा दाखवली.

"इथे तर काहीच नाही. पाहणीआधी दुरुस्ती केलीत?"

कमलाकरने माझ्याकडे पाहिलं, मग भामाकडे. भामा फावडं धूत होती. तिने मान वर केली नाही.

"हो," मी म्हणालो. "माझ्या सांगण्यावरून." आणि कागद पुढे केला.

साहेबांनी तो वाचला. "ह्यावर साक्षीदार नाही. आणि पंचनाम्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

कमलाकर उठून पुढे आला. त्याने माझ्या खिशातून स्वतःचं पेन काढून घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. चिखलाचा अंगठा कागदावर उमटला.

"त्याने काही होणार नाही, मढवी," साहेब म्हणाले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. "मी जे पाहिलं तेच मला लिहावं लागेल. मला धड बांध दिसतोय."

त्यांनी तसंच लिहिलं. सात तारखेच्या यादीत उंबरखार नव्हतं. पलीकडच्या गावाचा बांध त्याच बीजेला पावणेदोनला फुटला होता, ते गाव यादीत आलं. त्याचा प्रस्ताव मीच तयार केला. तिथे आता दगडी अस्तर आहे, लोखंडी उघाडी आहे. त्या शेतात मात्र पंचाण्णव सालापर्यंत भात झालं नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि माझ्या सेवापुस्तकात एका ओळीचा शेरा आहे. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय, तोवर तो राहील.

गौरी-गणपती पाण्यात गेल्यावर, सहा सप्टेंबरच्या रविवारी गावकी बसली. प्रस्ताव यादीत येणार नाही हे मीच जाऊन सांगायचं ठरवलं होतं, म्हणून मी हजर होतो. जे त्या शनिवारी कळंबोलीला कामावर होते, त्यांचाच आवाज मोठा होता. अर्धा तास थांबायला काय झालं होतं, असं एकाने विचारलं. बांध जातच नव्हता, म्हातारी उगाच घाबरली, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्याने यंदाची पायली बंद करा म्हणून सुचवलं. परेश खाली मान घालून बसला होता. कमलाकर पायाला फडकं बांधून अध्यक्षाच्या जागी होता आणि काहीच बोलत नव्हता. मला वाटलं होतं तो बोलेल.

भामा उठली. फावडं ती बरोबर घेऊन आली होती. तिने ते सभेच्या मधोमध, सतरंजीवर आडवं ठेवलं.

"पायली नको," ती म्हणाली. "शनवारी पुनव हाय. ज्याला कलला हाय बांध जात नव्हता, त्यानी राखावा."

आणि घरी गेली.

फावडं तिथेच पडून राहिलं. लोक उठले, सतरंजी गुंडाळायची होती म्हणून ते भिंतीला टेकवलं, पण घरी कुणी नेलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी कमलाकर लंगडत तिच्या दारात गेला. काय बोलणं झालं ते मला चंद्रावतीने सांगितलं, कारण तीही बरोबर गेली होती. त्याच्या शब्दावर तिला भरवसा नव्हता म्हणे.

"पायली चालू ऱ्हाईल," कमलाकर म्हणाला.

"पायली नको म्हटली ना."

"मंग काय पायजे?"

"तू काय म्हनलास भाऊसायेबाला? मी मेल्यावर कोन? खरा हाय तो. घरटी एक मानूस दे मला पुनवेला. बाई चालंल, बाप्या चालंल. तूस कसा सोडायचा, बील कसा धरायचा, शिकवीन. नाय तर तुमी आनि तुमचा फावडा."

"कामावरची मानसं कशी येतील?"

"कामावरची मानसं जेवतात ना शेतातला? मंग येतील."

बारा सप्टेंबरला दुसरा शनिवार होता, कचेरीला सुट्टी. मी साडेअकराला बांधावर पोचलो. घरटी एक नव्हतं, पण एकतीस माणसं मी मोजली, त्यांत निम्म्याहून जास्त बाया. परेश रजा घेऊन आला होता. भामा बांधाच्या माथ्यावर उभी होती, हातात फावडं नाही, कमरेवर दोन्ही हात. खाली पाण्यात कमलाकर एका पायावर उभा राहून दुसऱ्याने चाचपडत होता. चंद्रावती वरच्या अंगाने मूठमूठ तूस सोडत होती.

"इथं फिरला!" कमलाकर म्हणाला. "नाय, इथं नाय. जरा पुढं. वयनी, फिरला ना?"

"पायानं बग, तोंडानं नाय."

"हितं काय लागतच नाय!"

"लागंल. मागल्या खेपेला मला बी तिसऱ्या मुठीला गावला. चंद्रे, अजून एक मूठ सोड, तुजा नवरा हरवला."

बांधावरचे सगळे हसले. कमलाकर वाकला, गळ्यापर्यंत पाण्यात गेला, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला.

"गावला," तो म्हणाला. "गावला! टाच जातेय!"

"मंग उबा कशाला?" भामा खाली बघून म्हणाली. "गोला माग. आनि परेश, तू हितं ये, बग हा कुठं उबा हाय तो. पुढला तुला धरायचाय."